काकांचा अर्धा तास

दुपारी दीड वाजला की आमच्या दुकानातल्या जिन्याखाली एक डबा उघडायचा, आणि तो उघडला की पुढचा अर्धा तास काकांना हाक मारून काही उपयोग नसायचा. शेठजींनी हाक मारली तरी नाही, गिऱ्हाइकानं मारली तरी नाही. उलट्या ठेवलेल्या लाकडी खोक्यावर मांडी घालून ते आपली ज्वारीची भाकर मोडत राहायचे. कुणी फारच ओरडलं तर डावा हात वर करून मनगटावरचं घड्याळ दाखवायचे आणि पुन्हा भाकरीकडे वळायचे. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल. तसं मी बाजूच्या काउंटरवरच्या पोरीला बोलूनही दाखवलं. अर्धा तास संपल्यावर काका हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "कान शाबूत हायेत माहे. सुटीत होतो."

आमचं दुकान म्हणजे दारव्ह्यातलं कापडाचं मोठं दुकान. खाली शर्टाचं-पँटचं कापड, पहिल्या मजल्यावर साड्या, वर लेकरांचे कपडे. सगळे मिळून तेवीस माणसं. काका साड्यांच्या गादीवर. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळे, आणि चष्म्याला दोरी म्हणून जुन्या साडीची जरीची किनार बांधलेली. एका झटक्यात साडी अशी उघडायचे की पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन पडायचा. धंद्यात माणूस हुशार, पण शेठजींना त्यांचं कौतुक करायला कधी धीर झाला नसेल, कारण काकांच्या खांद्याला एक खाकी थैली असायची आणि त्या थैलीत कायदे असायचे.

खरंच कायदे. कामाचे तास, जास्तीचं काम, जेवणाची सुटी, पगारी रजा, यातलं काहीही मुंबईत बदललं की काका बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन त्याची प्रिंट काढून आणायचे, स्वतःच्या पैशानं. घरी दोनदा वाचायचे. तिसऱ्यांदा आम्हाला वाचून दाखवायचे. वेळ ठरलेली. सकाळी शेठजींची उदबत्ती लावून झाली आणि शटर अर्धं वर गेलं की काका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहत. हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी, तिनं ओळीवर बोट ठेवल्यासारखं करत. आम्ही खाली झाडू मारत, काउंटर पुसत ऐकायचो. ऐकायचो कसले, हसायचो. माघारी त्यांना सगळे जीआरकाका म्हणायचे. समोर नुसतं काका.

त्यांचं एक वाक्य होतं, "कुठं लिवलं हाय?" तुम्ही काहीही म्हणा. उद्या दुकान बंद आहे म्हणा, तर "कुठं लिवलं हाय?" पाणी आलं नाही म्हणा, तरी तेच. एकदा वरच्या मजल्यावरच्या पोरीनं, तिचं लग्न जमलं म्हणून पेढा दिला, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पत्रिका छापली काय? कुठं लिवलं हाय?" ती बिचारी आठ दिवस धसक्यात.

त्या अर्ध्या तासाची एक गोष्ट आमच्या दुकानात अजून सांगतात. दिग्रसकडचं एक लग्नघर आलं होतं. नवरीची मावशी म्हणजे खमकी बाई, तिनं चाळीसेक साड्या उघडायला लावल्या आणि एकीवरही हात ठेवला नाही. तेवढ्यात दीड वाजला. काकांनी हातातली साडी अर्धी घडी घातलेली तशीच ठेवली आणि म्हणाले, "मावशी, पंखा लावून देतो, बसा. माहा अर्धा तास सुरू झाला." मावशीला आयुष्यात असं कुणी बोललं नसेल! ती तरातरा त्यांच्या मागं जिना उतरली आणि समोरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काकांनी डबा उघडला. अंबाडीची भाजी, भाकर, लसणाचा ठेचा. मावशी पाच मिनिटं नुसती बघत होती. मग न राहवून म्हणाली, "तेल कमी पडलं जी या अंबाडीले." हे काही साडीबद्दल नव्हतं, तेव्हा काकांना बोलायला हरकत नव्हती. ते म्हणाले, "बायको ऐकत नाही," आणि डब्याच्या झाकणात अर्धी भाकर आणि भाजी घालून त्यांनी ते मावशीपुढं केलं. बाईनं खाल्लं! दोन वाजता दोघंही हात धुऊन वर आली आणि पुढच्या तासाभरात तिनं नऊ साड्या घेतल्या. तरी छोटे शेठ, म्हणजे शेठजींचे चिरंजीव, काकांवर चिडलेच. शेठजी मात्र गल्ल्यावर बसून खुदुखुदु हसत होते.

रजेचंही तसंच. काका वर्षाची आठच्या आठ किरकोळ रजा घ्यायचे. एकही सोडायचे नाहीत. पण रजा घेऊन जायचे कुठं? तर दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर. सकाळी दहाला येऊन बाकड्यावर बसत आणि दिवसभर आमच्या दुकानाकडे बघत राहत. कुणी चुकीचा रंग काढून दाखवला की इकडून दिसायचं, काका तिकडं कपाळाला हात लावून घेतायत. एकदा आम्हाला एक पैठणी सापडेना. मी रस्ता ओलांडून विचारायला गेले तर म्हणाले, "रजेवर हाय मी. चहा पेते काय?" मी तणतणत परत आले. पैठणी त्यांच्याच गादीखाली होती.

आता माझं सांगते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि दुकानं नव्या बाया घेतात. तशी मी लागले. लागले तेव्हा मला चौथा महिना होता आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. पोटुशी बाई दिवसभर उभं राहायच्या कामाला कोण घेणार? नवरा दारव्हा-यवतमाळ काळी-पिवळी चालवतो. गाडी मालकाची, हाताला येईल ते आमचं. आणि एक गोष्ट होती जी मी सासूलाही नीट बोलून दाखवली नव्हती. आधीचं माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा मी एका खानावळीत पोळ्या लाटायची, सुटी मागितली तर दुसरी बाई बघू म्हणाले, म्हणून मागितली नाही. या खेपेला मला लेकरूही हवं होतं आणि नोकरीही. दोन्ही एकदम मिळतं असं मी कुणाचं पाहिलं नव्हतं.

मी लागले आणि पंधरवड्यातच छोटे शेठ फोन नाचवत आले. "बारा तास झाले! सरकारनं बारा तास केले! व्हॉट्सॲपवर आलं." आमचे चेहरे उतरले. काकांनी विचारलं, "कुठं लिवलं हाय?" आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पायरीवर उभे राहिले.

"बारा तास कारखान्याचे," काका म्हणाले. "दुकानाचे नऊचे दहा केले. वीस अन् त्याच्यावर मानसं असन तिथं. आपन तेवीस हावो, म्हंजे आपल्याले लागू. जेवनाची सुटी पह्यले पाच तासांच्या आत द्या लागे, आता सहा तासांच्या आत. हप्त्याचे तास होते तेवढेच हाय. त्याच्यावर गेले का दुप्पट पगार."

छोटे शेठनी ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात दुपारची सुटी दीडची अडीच केली. आता मला सांगा, राग येणार नाही? माझे पाय दुपारपर्यंत सुजून भाकरीएवढे व्हायचे. मी सरळ काकांच्या गादीपुढं जाऊन उभी राहिले.

"तुमाले काय गरज होती जी ते वाचायची?" मी म्हटलं. "बारा तास खोटं हाय, एवढं सांगून खाली उतरले असते. छोट्या शेठले काय कळलं असतं?"

काका साडीला टाचणी लावत होते. "अर्धा कागद वाचला तर उरलेल्या अर्ध्यावर कोन भरोसा ठेवीन, पोरी?"

"भरोसा गेला चुलीत. पाय दुखून राह्यले माहे."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं. बहुतेक तेव्हाच त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या काउंटरमागं एक स्टूल आलं, आणि ते कुणी ठेवलं हे कुणीच कबूल केलं नाही. त्यांचा स्वतःचा डबाही अडीचलाच उघडायला लागला. आम्लपित्ताचा त्रास होता त्यांना, तोंडात बडीशेप धरून अडीचपर्यंत थांबायचे. पण "लिवलं हाय" म्हटल्यावर विषय संपला.

डिसेंबर संपायच्या आत आमच्याकडे निवडणूक होते. हसू नका, खरंच होते. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या चार पगारी सुट्या कायद्यानंच ठरलेल्या. आणखी चार सणांच्या सुट्या मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. हे दारव्ह्यातल्या कुठल्या दुकानात पाळतात मला माहीत नाही, आमच्या दुकानात काका होते म्हणून पाळत. सगळ्यांनी चिठ्ठीवर सण लिहायचा, चिठ्ठी काकांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग काका एकेक काढून मोठ्यानं वाचायचे आणि खाली कागद तयार करून त्यावर शेठजींची सही घ्यायचे. प्रचार तर असा चालायचा की नगरपालिकेला मागं टाकावं.

त्या वर्षी दिवाळी, पोळा आणि ईद बिनविरोध आल्या. भीमजयंती आमच्या आठवडी सुटीलाच येत होती, म्हणून ती मागणाऱ्या पोरांनी मन मोठं करून चौथी जागा सोडली. राहिलं धूलिवंदन की सेवालाल महाराजांची जयंती. मी धूलिवंदनाच्या बाजूनं. नवी असून मीच सगळ्यात जास्त बोंबलत होते. मला रंगाच्या दिवशी माहेरी जायचं होतं, आईच्या हातचं खायचं होतं, एवढंच. सेवालाल जयंतीसाठी तांड्यावरच्या तीन बंजारा पोरी आणि त्यांनी वळवलेले बाकीचे. बावीस चिठ्ठ्या वाचून झाल्या, अकरा-अकरा. डब्याच्या तळाशी शेवटची चिठ्ठी राहिली, ती काकांची स्वतःची. त्यांनी ती उघडली आणि दुसऱ्या कुणाची असावी तशी वाचली, "सेवालाल जयंती."

मी भडकलेच. "तुमी कायले पडले मधात? तुमचा काय संबंध?"

"रंगाच्या दिवशी साडी घ्यायले कोन येते?" काका म्हणाले. "दुपारलोक दुकान तसंबी बंदच असते. अन् या तीन पोरी दरसाल पगार कापून घेऊन घरी राह्यतात."

बरोबर होतं ते. पण बरोबर असलं की राग आणखी येतो. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. त्यांनाही ते आठ दिवस सुखाचेच गेले असतील.

फेब्रुवारीत सेवालाल जयंतीला दुकान बंद होतं. मी तो दिवस भिंतीला पाय लावून झोपून काढला; दुकान उघडं असतं तरी मला जाववलं नसतं. दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या पोरीनं डब्यात लापशी आणली, ती मी फुगलेल्या तोंडानं खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली.

महिना संपत आला तशी एका सकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला, पायावर बोट दाबून पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "आजपासून उभं राहणं बंद. पूर्ण आराम. मागच्या वेळचं माहीत आहे ना?" माहीत होतं. मला सोडून कुणाला माहीत असणार? नवरा गाडीवर होता. मी तशीच चिठ्ठी हातात धरून दुकानात आले आणि छोट्या शेठपुढं ठेवली. पोट आता काही झाकायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, बाळंतपणाची रजा पाहिजे.

ते काही वाईट बोलले नाहीत, हे सांगायला पाहिजे. शांतपणे मस्टर उघडलं, माझ्या सह्या मोजल्या. दोनदा मोजल्या. "अठ्ठ्याहत्तर दिवस भरले तुमचे. ऐंशी लागतात. आणि आता तर जुने कायदेच गेले, सगळं नवीन आलं. रजा बसत नाही, ताई." मग त्यांनी एक कागद लिहून माझ्यापुढं सरकवला, पेनही दिला. "इथं सही करा. मोकळं व्हा, आराम करा. बाळ झाल्यावर जागा असली तर बोलवू."

दोन दिवस! मळमळीपायी मी दहा-बारा दिवस घरी राहिले होते. त्यातले दोन दिवस उलट्या करत का होईना, आले असते तर? मी पेन हातात घेतलं. काय करणार होते मी? दोन दिवस आणखी उभी राहिले असते तर लेकराचं काय झालं असतं? सही केली तर नोकरी गेली, नाही केली तर उद्या उभं राहायला या. मी म्हटलं, "पाणी पिऊन येते," आणि कागद घेऊन जिना उतरले.

पावणेतीन झाले होते. काका खोक्यावर जेवत होते. मी पायरीशी उभी राहिले. बोलायची माझी छाती होईना, आणि त्यांना बोलावून उपयोग नव्हता हे तर सगळ्या दुकानाला माहीत होतं. मी नुसती उभी होते, कागद हातात, डोळे भरलेले.

काकांनी वर पाहिलं. कागद पाहिला. पेन पाहिलं. आणि हातातला घास तसाच डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं. आख्ख्या दुकानानं असं कधी पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे दोघं मोजपट्टी धरून जागीच थांबले.

"सही केली काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"बस खाली."

मी खोक्यावर बसले. ते उठून उभे राहिले. कागद वाचला, सावकाश, पहिल्या ओळीपासून. तो राजीनामा होता. मग ते म्हणाले, "सूतगिरणीत मी हजेरीबाबू व्हतो. चौदा वर्सं लोकांचे दिवस लिवले. गिरणी बंद होऊन राह्यली तं मैदानात टेबल टाकलं, म्हने, नव्या कामाची यादी करतो, सह्या करा. मी केली. वाचलंच नाही. राजीनामा व्हता थो." एवढंच बोलले. त्यांची थैली खोक्यामागं होती, ती खांद्याला लावली आणि खरकट्या हातानंच वर गेले. मी मागं मागं.

शेठजी गल्ल्यावर होते, छोटे शेठ बाजूला मस्टर घेऊन. काकांनी सरळ म्हटलं, "इचे ऐंशी भरतात."

"अठ्ठ्याहत्तर आहेत, काका. मी दोनदा मोजले," छोटे शेठ म्हणाले.

"तुमी सह्या मोजल्या. सुटीच्या दिवशी सही कशी राहीन?" काकांनी थैलीतून कागद काढला. "कायद्यानं पगारी सुटी असन तं थो दिवस कामात धरा, असं लिवलं हाय. सव्वीस जानेवारी, एकोणऐंशी. सेवालाल जयंती, ऐंशी."

"तो कायदा जुना झाला ना पण."

"जुन्यात ऐंशी होते, नव्यातबी ऐंशीच हाय." दुसरा कागद पहिल्यावर पडला. "हे पाहा, दोन्ही."

छोटे शेठ जरा चिडून हसले. "मग आठवडी सुट्याही धरा की. पंधरा दिवस वाढतील."

"त्याच्यावर वाद होऊ शकते," काका म्हणाले. "वादाचा एकबी दिवस धरला नाही मी. बिनवादाचेच ऐंशी भरतात."

मग त्यांनी तिसरा कागद ठेवला. डिसेंबरातला, चार सणांचा, खाली शेठजींची सही. काकांच्या बोटाचा भाजीचा डाग त्यावर उमटला. शेठजींनी चष्मा लावला आणि तिन्ही कागद वाचायला घेतले. ते मनातल्या मनात वाचत नाहीत, ओठ हलतात त्यांचे. मी त्यांच्या ओठांकडं बघत उभी होते. माझ्या पोटात लेकरू फिरत होतं आणि मी देवाला म्हणत होते, आता गप बस रे, आत्ता नको.

शेठजींनी चष्मा काढला. मुलाकडे पाहिलं. "वो दस घंटेवाला बी यानंच वाचून दाखवलं होतं ना? तेव्हा तू खूश झाला. वेळ बदलून टाकली सुटीची. तेव्हा तू नाही म्हणाला, का मले कागद दाखव." शेठजींनी काकांच्या थैलीकडं बोट केलं. "हे बी त्याच थैलीतलं हाय. या माणसानं आपल्या फायद्याचं झाकलं नाही, तिच्या फायद्याचं काहून झाकीन?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जा बेटा. सहा महिने घरी राह्य. पगार घरी येईल."

मी तिथंच साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं. तांड्यावरची ती पोर पाणी घेऊन आली आणि तिला पाहून मला आणखी रडू आलं, कारण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धूलिवंदनाला अजून आठवडा होता. मी जिंकले असते तर सेवालाल जयंतीला दुकान उघडं राहिलं असतं, मला त्या दिवशी जाववलं नसतं, आणि आज एकोणऐंशीवर अडले असते.

जाताना मी काकांपाशी थांबले. म्हटलं, "काका, तुमच्या चिठ्ठीनं वाचवलं मले. अन् मी आठ दिवस बोल्ली नाही तुमच्यासंग."

"मले काय ठाऊक व्हतं तुहे दिवस कमी पडतीन?" ते म्हणाले. "मी त्या तिघींसाठी टाकलती." खोटं श्रेयसुद्धा घेईनात! मी राजीनाम्याचा कागद फाडायला लागले तर त्यांनी तो काढून घेतला, घडी घातली आणि थैलीत ठेवला. म्हणाले, "बिनसहीचा राजीनामा. जपून ठेवतो. माहा तं सहीचा हाय."

दुसऱ्या दिवशी काका पंधरा मिनिटं आधीच डबा घेऊन खाली गेले म्हणे. छोट्या शेठनी विचारलं तर म्हणाले, "कालचे पंधरा मिनिटं बाकी हायेत माहे." आणि ते त्यांनी बसून पुरते खाल्ले.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडकी, धडधाकट. पगार दर महिन्याला येत राहिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अंथरुणावर पडून कुणाचं देणं लागत नाही असं झोपले. गौरी-गणपतीच्या तोंडावर मी परत कामावर गेले. सासू म्हणाली, दूध कसं पाजशील? मी म्हटलं, बघू. मला वाटलं, आता काही मागायचं नाही, एवढं मिळालं तेच खूप झालं.

काका दारातच उभे होते, हातात कागद. "लेकरू पंधरा महिन्यांचं होईलोक दिवसातून दोनदा दूध पाजाची सुटी. जेवनाची सुटी येगळी. लिवलं हाय." शेठजींची सहीसुद्धा त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. किती मिनिटं, तेही त्यावर लिहिलं होतं. पण पाजणार कुठं? दुकानभर गिऱ्हाईक. काकांनी मला जिन्याखाली नेलं. त्यांचं खोकं पुसून ठेवलेलं होतं, त्यावर जुन्या चादरीची घडी. जिन्याच्या कठड्याला त्यांनी एक डाग पडलेली, न विकली गेलेली नारायणपेठ साडी पडद्यासारखी बांधली होती. ज्या खोक्यावर त्यांनी शेठजींनाही कधी बसू दिलं नव्हतं, ते त्यांनी मला दिलं. स्वतःचा डबा घेऊन पडद्याबाहेर खालच्या पायरीवर बसायला लागले.

काका आता कामावर नाहीत. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं, लेकीकडे ढाणकीला असतात. तिथं गावातल्या एखाद्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर बसत असतील. त्यांची आठवण निघाली की सगळे ती मावशी सांगतात, पैठणी सांगतात. मला आठवते ती परत आल्यानंतरची पहिली दुपार. सासू लेकराला घेऊन आली. मी पडद्याआड पाजत होते, काका बाहेर जेवत होते, आणि वरून छोट्या शेठची हाक आली, "ताई, लवकर या, गिऱ्हाईक थांबलंय!" मी सवयीनं उठायला गेले.

पडद्याबाहेर भाकर मोडायचा आवाज थांबला. भरल्या तोंडानं काका ओरडले, "तिचा वेळ चालू हाय!" आणि पुन्हा जेवायला लागले.

माझी मुलगी दूध पिता पिता झोपली होती. मी तिला मांडीवर नीट घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. काकांच्या कागदाप्रमाणे अजून सात मिनिटं होती.